मेंदूच्या पेशी आणि आपल्या सवयी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजच्या समारंभासाठी चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशी." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, समोर पालक बसणार आहेत. कोणी रिक्षा चालवतो, कोणी दुकान. जरा सोपा विषय घ्या ना." मी त्यांना म्हटले, विषय त्यांच्याच घरातला आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी चेतासंस्था शिकवीत होतो. तास संपता संपता एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांना आमच्या अब्बांचे डोके दुपारी फार दुखते. आठवडा उलटला की दुखत नाही. रोजा तोच, ऊन तेच. मग दुखणे जाते कुठे?" वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण प्रश्न खरोखरच चांगला होता. घंटा झाली होती, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. ते अर्धवट उत्तर आज पूर्ण करतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी सतत बोलत असतात, पण बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. एका पेशीतून विजेचा संदेश फटीपर्यंत येतो, तेथे एक रासायनिक द्रव्य सुटते आणि ते पलीकडच्या पेशीवर जाऊन निरोप पोचवते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हे दाखवून दिले. एका हृदयाची मज्जा उत्तेजित केली, ते मंदावले. त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. याचा अर्थ, निरोप पाण्यात उतरला होता. या कार्याबद्दल हेन्री डेल यांच्याबरोबर त्यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण निरोप आला तरी तो घेणारा कोणी हवा. पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यासाठी खास प्रथिने असतात. त्यांना इंग्रजीत रिसेप्टर आणि मराठीत ग्राही म्हणतात. कुलपात नेमकी किल्ली बसावी तसे ते रासायनिक द्रव्य ग्राहीत बसते आणि मग पेशीत पुढची हालचाल सुरू होते. असे काहीतरी असले पाहिजे, हे केंब्रिजचे जॉन लँग्ली यांनी १९०५ सालीच ओळखले होते. त्यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन टाकले. स्नायूकडे जाणारी मज्जा तोडून ती पूर्ण झडून गेल्यावरही निकोटीनने स्नायू आखडला. यावरून त्यांनी अनुमान काढले की स्नायूवरच ते ओळखणारा पदार्थ आहे. लक्षात ठेवा, ग्राहीचा पहिला माग लागला तो निकोटीनमुळे. या निकोटीनची आपल्याला पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

ग्राही मोजायचे कसे? येथे एका सापाने मदत केली. आपल्याकडे ज्याला मण्यार म्हणतात, त्याच्याच जातकुळीतला एक साप तैवानात सापडतो. त्याच्या विषातून चँग आणि ली या तेथील दोन संशोधकांनी १९६३ साली एक द्रव्य वेगळे केले. ते स्नायूवरील ग्राहीला असे घट्ट बिलगते की सुटता सुटत नाही. या द्रव्याला किरणोत्सर्गी किंवा चमकणारी खूण जोडली की कोणत्या पेशीवर किती ग्राही आहेत आणि नेमके कोठे आहेत, हे कळू लागले. ज्या विषाने माणसाचा श्वास थांबतो, त्याच विषाने शास्त्राला मोजपट्टी दिली.

आता काचेच्या बशीकडे वळू. जिवंत प्राण्याच्या मेंदूत एकेका पेशीवर काय चालले आहे हे पाहणे फार कठीण. म्हणून पेशी शरीराबाहेर वाढवण्याची युक्ती निघाली. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जेचा अगदी लहान तुकडा लसिकेच्या एका थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेखाली लटकता ठेवला. त्या तुकड्यातील पेशींतून तंतू फुटताना आणि पुढे सरकताना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिले. पुढे १९७७ साली बँकर आणि कोवन यांनी उंदराच्या गर्भातील मेंदूच्या, स्मरणाशी संबंधित अशा एका भागातील पेशी सुट्या करून बशीत वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये गॅव्हिलर यांनी मेंदूचे पातळ काप संथपणे फिरणाऱ्या नळ्यांत कित्येक आठवडे जिवंत ठेवण्याची रीत दाखवली.

या बशीत नेमके काय दिसते? ३७ अंश तापमान, स्वच्छ पोषक द्रव आणि योग्य हवा मिळाली की एखाद्या दिवसातच पेशींना तंतू फुटतात. ते एकमेकांना शोधत जातात आणि दोन-तीन आठवड्यांत पेशींमध्ये पक्के सांधे तयार होतात. ग्राही सुरुवातीला पेशीवर इकडे तिकडे विखुरलेले असतात. दुसऱ्या पेशीचा तंतू येऊन टेकला की ते त्या जागी गोळा होऊ लागतात. १९७७ साली अँडरसन आणि कोहेन यांनी बशीतील बेडकाच्या स्नायूपेशींवर ही हालचाल चमकणाऱ्या सर्पविषाच्या खुणेने पाहिली. पाहुणा दारात आला की घरातली माणसे ओट्यावर जमावीत, तसा हा प्रकार आहे.

आता कोणी विचारील, हे सारे शिक्षणाने होते की निसर्गतः? १९६८ साली स्टॅन्ली क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भातील मेंदूचे तुकडे वाढवताना त्यांतील विजेची हालचाल औषधाने पूर्ण थांबवून ठेवली. दंतवैद्य दात काढताना टोचतात, त्या जातीचे ते बधिर करणारे औषध होते. पेशींनी वाढीच्या सर्व दिवसांत एकही संदेश पाठवला नाही. औषध धुऊन काढल्यावर दिसले की सांधे तयारच होते आणि ते काम करू लागले. म्हणजे घराचा पाया निसर्ग घालतो. पण त्या घरात पुढे किती दारे ठेवायची, किती बुजवायची, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ठरते. माझ्या आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे.

हे सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग १९९८ सालचा. अमेरिकेत जीना टुरिजियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या पेशी बशीत वाढवल्या. एका बशीत त्यांनी फुगणाऱ्या केंड माशाचे विष घातले. त्याने पेशींचे बोलणे बंद पडते. दोन दिवस शांतता ठेवून त्यांनी मोजले, तर त्याच लहानशा रासायनिक निरोपाला पेशी आता अधिक जोराने प्रतिसाद देत होत्या. दुसऱ्या बशीत उलटे केले. पेशींना आवर घालणारा निरोप औषधाने अडवला, त्यामुळे आधी पेशींचा गोंगाट वाढला. पण दोन दिवसांत तो गोंगाट जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर उतरला, आणि प्रत्येक निरोपाला मिळणारा प्रतिसाद लहान झाला. सांध्यावरील ग्राहींची संख्या कमी-जास्त होणे हे त्याचे प्रमुख कारण आहे, असे या व पुढील संशोधनातून दिसून आले.

आपल्या शाळेतलाच दाखला घ्या. गुरुजी हळू बोलू लागले की वर्ग कान टवकारतो. गुरुजी तासभर ओरडत राहिले की मुले ऐकणेच सोडून देतात. पेशीचेही तसेच आहे. शांतता झाली की ती कान वाढवते, गोंगाट झाला की कान कमी करते. ती आपला तोल सांभाळते. मात्र आलेला निरोप कल्याणाचा की नुकसानीचा, हे पेशीला कळत नाही. तिला फक्त कमी-जास्त कळते. मित्रहो, सवय शरीरात घर करते ती याच दाराने.

१९७५ साली शर्मा, क्ली आणि नोबेल पारितोषिक विजेते मार्शल निरेनबर्ग यांनी बशीतील चेतापेशींच्या एका वाणावर मॉर्फीन घातले. अफूपासून मिळणारे हे वेदनाशामक. मॉर्फीनने पेशीतील एका महत्त्वाच्या द्रव्याचे उत्पादन लगेच खाली आले. पण मॉर्फीन तसेच ठेवले, तर काही काळाने पेशीने आपली यंत्रणा वाढवून उत्पादन पुन्हा पूर्ववत केले. जणू मॉर्फीन नाहीच! यालाच आपण व्यवहारात 'आता पूर्वीचा डोस लागू पडत नाही' असे म्हणतो. मग त्यांनी मॉर्फीन काढून घेतले. तेव्हा ते उत्पादन नेहमीच्या पातळीपेक्षा कितीतरी वर उसळले. बशीतल्या पेशीला ना संगत, ना चिंता, ना इच्छाशक्ती. तरी व्यसन लागल्यासारखे आणि ते सुटताना होणारी तगमग झाल्यासारखे तिचे वर्तन झाले.

आता त्या मुलीच्या अब्बांकडे येऊ. चहातील कॅफीन मेंदूत काय करते? जागेपणाच्या काळात मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ग्राहींवर बसले की पेशींचे काम मंदावते आणि मेंदूतील रक्तवाहिन्या सैलावतात. कॅफीन त्या ग्राहीत जाऊन बसते, पण किल्ली फिरवत नाही. नुसते कुलूप अडवून ठेवते. म्हणून चहा प्यायल्यावर तरतरी येते. पण दिवसाला पाच-सहा कप चहा वर्षानुवर्षे घेतला, तर पेशी म्हणते, निरोप येईनासा झाला, कान वाढवा. उंदरांना सतत कॅफीन दिल्यावर त्यांच्या मेंदूत अडेनोसिनचे ग्राही वाढल्याचे १९८० च्या दशकात मोजले गेले. मग पहिल्या रोज्याला सकाळचा, दहाचा, दुपारचा असे सर्व चहा एकदम बंद होतात. वाढलेले ग्राही मोकळे पडतात, अडेनोसिन त्यांच्यावर तुटून पडते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कपाळ ठणकू लागते. पाणी न मिळणे, अपुरी झोप हीही कारणे आहेतच. पण दिवसा चहा नाही, हे पेशीला उमगले की ती पुन्हा जमवून घेऊ लागते. कॅफीन सोडल्यावरचे दुखणे साधारणपणे दोन ते नऊ दिवस टिकते. तुझ्या अब्बांचे दुखणे कोठे गेले, बेटा? त्यांच्या पेशींनी हिशेब नव्याने मांडला, तेव्हा ते संपले. पुढच्या वर्षी त्यांना सांग, रमजानच्या आधीचे दोन-तीन आठवडे रोजचा चहा एकेक कप कमी करत आणा.

चहाचे झाले. आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलायला उभा राहिलो, ते सांगतो. ते सांगताना मला थोडी शरम वाटते.

मी बावीस वर्षे तंबाखू खाल्ली. सकाळी वर्गात लँग्लीचा निकोटीनचा प्रयोग शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत इमारतीच्या मागे जाऊन चुना मळायचा, असा माझा शिरस्ता होता. तीनदा सोडली, तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी हात पुन्हा डबीकडे गेला. अम्मी म्हणायच्या, "तुझ्यात हिंमतच नाही." मलाही तसेच वाटू लागले होते. ज्या माणसाला आपण दुबळे आहोत असे एकदा पटले, तो मग प्रयत्नही सोडून देतो. माझे तसेच झाले होते.

पुढे निकोटीनवरचे संशोधन मी नीट वाचले. नेहमीचा नियम असा की एखादे द्रव्य ग्राहीला सतत चेतवत राहिले तर ग्राही कमी होतात. निकोटीनचे वेगळे आहे. ते ग्राहीला आधी चेतवते, पण सतत राहिले की ग्राही बधिर होतो. पेशीवर मग ग्राहींची संख्या वाढते. १९८३ साली प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूत ही वाढ मोजली गेली. बशीत वाढवलेल्या पेशींना निकोटीन दिल्यावरही ती दिसली. १९८८ साली धूम्रपान करणाऱ्या मृत व्यक्तींच्या मेंदूतही निकोटीन धरणाऱ्या जागा अधिक आढळल्या. सकाळी उठल्यावर हे सारे ग्राही मोकळे असतात, म्हणून पहिल्या चिमटीची ओढ सर्वांत जबर असते. पुढे सिगारेट सोडलेल्या लोकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली गेली, तेव्हा दिसले की काही आठवड्यांत ग्राहींची संख्या न ओढणाऱ्यांच्या पातळीकडे उतरते.

'काही आठवड्यांत' हे दोन शब्द माझ्या उपयोगी पडले. माझी लढाई चार दिवसांची आहे असे समजून मी उतरत होतो, म्हणून पाचव्या दिवशी हरत होतो. २०१० साली रमजान संपल्यावर मी पुन्हा सोडली. या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने मोजून खूण केली. चिडचिड झाली, झोप उडाली, घरच्यांनी सोसले. पहिले काही दिवस सर्वांत वाईट गेले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी दुपार कशी गेली ते कळलेच नाही. ग्राही उतरले म्हणून ओढ पूर्ण संपते असे मात्र नाही. जुनी जागा, जुनी मंडळी दिसली की आठवण उसळते. मी मधल्या सुट्टीतली जागा बदलली. अम्मींनी ते दिवस पाहिले, एवढे समाधान मला पुरेसे आहे.

हे सांगण्यात माझा हेतू काय? विद्यार्थी मित्रांनो, तुमचा मेंदू अजून घडतो आहे. तुमच्या वयात पेशी आपले हिशेब कायम करीत असतात. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही पुडी कोठे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पहिली पुडी देणारा मित्र म्हणतो, "एकदा घेऊन तर बघ." त्याला सांगा, माझ्या पेशी मोजत असतात.

पालकहो, आपल्या मुलाच्या खिशात पुडी सापडली तर राग येणारच. पण 'तुझ्यात दम नाही' असे म्हणू नका. त्या वाक्याने काय होते, ते मी भोगले आहे. त्याला सांगा की हा आजार शरीरात शिरलेला आहे, तो उतरायला आठवडे लागतात आणि आम्ही तेवढे दिवस तुझ्याबरोबर आहोत. डॉक्टरांकडे न्या. निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या आणि इतर उपाय त्यांच्या सल्ल्याने वापरता येतात. आणि ज्या घरात वडीलधारेच मिश्री लावतात, तेथे आधी डबी कोणाची बंद व्हायला हवी, हे मी सांगायला नको.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. रक्तदाब, हृदय, फिट यांच्या काही गोळ्याही ग्राहींवर काम करतात आणि पेशी त्यांच्याशी जुळवून घेतात. म्हणून बरे वाटू लागले की अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात, त्यामागे हेच कारण असते.

शेवटी एक सावधगिरीचा शब्द. काचेच्या बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे. तिला आई नाही, मोहल्ला नाही, परीक्षा नाही. या प्रयोगांचे नाव घेऊन कोणी बुद्धी वाढवण्याचे औषध विकू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बशी आपल्याला एवढेच शिकवते की पेशी रोज जे मिळते त्याप्रमाणे स्वतःला बदलते, आणि ते मिळणे थांबले की पुन्हा बदलू शकते. पहिली गोष्ट भीतीची आहे, दुसरी आशेची. माझ्या मते दुसरी मोठी आहे.

ती नववीतली मुलगी आज या सभागृहात आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर तिला सांगतो, तुझ्या प्रश्नाने एका शिक्षकाला आपला धडा पुन्हा वाचायला लावला. मुलांनो, असे प्रश्न विचारत राहा, आणि गुरुजनांनो, घंटा झाली तरी ते ऐकून घ्या.